अपघातानंतरचं कॉर्टिसॉल: इंदूरमध्ये केलेल्या तपासण्यांचा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटात आमच्या गाडीला अपघात झाला. शेजारी बसलेली माझी आत्या त्यात गेली. माझं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. प्लास्टर निघाल्यावर मी शाळेत रुजूही झाले. अपघाताबद्दल इथे एवढंच. लिहायचं आहे ते त्यानंतर दोन वर्षांनी केलेल्या तपासण्यांबद्दल. कॉर्टिसॉल, ज्याला सगळे स्ट्रेस हार्मोन म्हणतात, ते माझ्या रक्तात, लाळेत आणि लघवीत मोजलं गेलं. त्या दिवसांत मराठीत शोधलं की कॉर्टिसॉल कमी करणारे पदार्थ, पेयं आणि आसनं, एवढंच समोर यायचं. तपासणी होते कशी, खर्च किती, आणि आकडा हातात आला की त्याचं करायचं काय, हे कुठेच धड सापडलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत माझी अवस्था अशी होती: रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नसे. ट्रकचा हॉर्न ऐकला की छातीत धस्स व्हायचं आणि हात गार पडायचे. अपघात झाला त्या खंडवा रोडकडे जाणं मी बंदच केलं होतं. वजन वाढलं, तेही सगळं पोटावर. बीपी १५०/९६. मांड्यांवर, दंडांवर कधी लागलं ते आठवू नये असे निळे डाग दिसायचे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तिनं आत्याची हाय खाल्लीये." बाकीच्यांचं म्हणणं साधारण असं, की आता दोन वर्षं झाली, मन रमव कशात तरी. सगळे काळजीनेच बोलायचे, पण ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की हे सगळं मीच मनाने घेतलंय की काय.

त्यातच आमच्या अपघाताच्या दाव्याचं काम बघणारे वकील एकदा म्हणाले, "मॅडम, मानसिक धक्के की कोई रिपोर्ट हो तो लगा दो. खून की जाँच-वाँच." ते वाक्य डोक्यात घर करून बसलं. हाडाचा एक्स-रे दाखवता येतो, टाक्यांचा व्रण दाखवता येतो. जे आत चाललं होतं त्याचाही असा एखादा कागद मिळाला तर? तपासणीला निघताना मला उपचारापेक्षा पुरावा जास्त हवा होता, हे मी आधीच सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण याच आशेने जात असतील.

सप्टेंबर २०२४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आमच्या शहरात अजून ‘बाणगंगा’ (मनोरुग्णालय तिथे आहे) म्हटलं की लोक आवाज खाली करतात, त्यामुळे रामबागेतून निघताना शेजारच्या काकूंना दातांच्या डॉक्टरकडे चालल्याचं सांगितलं. खासगी दवाखाना होता, फी ८०० रुपये. डॉक्टरांनी पहिला पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं. मग पीसीएल-५ नावाची प्रश्नावली दिली. त्यात २० प्रश्न असतात. गेल्या महिन्याभरात तो प्रसंग नको असताना आठवला का, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळल्या का, सारखं सावध राहावं लागतंय का, असे. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जास्तीत जास्त ८०. माझे ५२ झाले. डॉक्टर म्हणाले, हा पीटीएसडी आहे. आघातानंतर राहून जाणारा ताण. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत हे निदान १९८० पासून आहे, आणि ते बोलून, विचारून, तपासून केलं जातं.

मी लगेच विचारलं, रक्ताची तपासणी कोणती करू? ते शांतपणे म्हणाले, याच्यासाठी रक्ताची तपासणी नाही. कॉर्टिसॉलवर चाळीसएक वर्षं संशोधन चाललंय, पण कुणा एकाचा आकडा बघून त्याला पीटीएसडी आहे की नाही हे ठरवता येत नाही. मात्र वजन, बीपी आणि ते निळे डाग बघून त्यांनी मला हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. कुशिंग नावाच्या आजारात शरीरात कॉर्टिसॉल खरोखरच फार वाढतं आणि त्यानेही झोप उडते, मन खचतं, बीपी वाढतो. तो नाही ना, एवढी खात्री करून घ्यायची. तोवर झोपेची आणि मनाची औषधं सुरू झाली.

हार्मोनच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. गीताभवनजवळचा दवाखाना, फी १,००० रुपये. फोनवर सांगितलं होतं की घरात जी जी औषधं वापरता ती सगळी पिशवीत घालून आणा, मलमांसकट. हे फार महत्त्वाचं निघालं. डॉक्टरबाईंनी एकेक डबी उचलून बघितली. त्वचेचं मलम, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, यातल्या कशातही स्टेरॉइड असू शकतं आणि त्याने सगळे आकडे बदलतात. केस गळतात म्हणून मी बायोटिनच्या गोळ्या घेत होते. त्याने रक्ततपासणीच्या काही पद्धतींत गडबड होते, म्हणून त्या बंद केल्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का हेही विचारलं. त्या गोळ्यांनी रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं, कारण ते वाहून नेणारं प्रथिनच वाढतं. आणि शेवटी पिशवीच्या तळाशी ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या. वर्गात दिवसभर बोलून घसा बसतो, म्हणून मी त्या चघळते. त्यांनी त्या बाजूला काढल्या. ज्येष्ठमधामुळे कॉर्टिसॉल निष्क्रिय होण्याची क्रिया अडते आणि लाळेतला आकडा खोटा वाढतो. तपासण्या होईपर्यंत ज्येष्ठमध बंद, तंबाखू-सुपारी असेल तर तीही बंद. मानसोपचाराच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, फक्त प्रत्येक फॉर्मवर त्यांची नावं लिहायची.

मग त्यांनी मला जमिनीवर उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं. कुशिंगमध्ये मांड्यांचे स्नायू इतके कमजोर होतात की हे जमत नाही. मला जमलं. पोटावर जांभळे रुंद पट्टे आहेत का, मानेमागे चरबीचा उंचवटा आहे का, हेही बघितलं. त्यानंतर कागदावर एक वळण काढून दाखवलं. कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं, दिवसभर उतरतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. म्हणजे वेळ लिहिलेली नसेल तर आकड्याला अर्थच नाही. दुपारी चारला रक्त देऊन आलेला आकडा सकाळच्या मर्यादेशी ताडून बघणारे लोक त्यांच्याकडे रोज येतात, असं त्या म्हणाल्या.

दिवाळी तोंडावर होती. फटाक्यांच्या दिवसांत माझी रात्र कशी जाते हे मी सांगितल्यावर त्यांनी तपासण्या दिवाळीनंतर ठेवल्या. ज्यांना आवाजांचा त्रास होतो त्यांनी हे आवर्जून बोलून घ्यावं. डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

१२ नोव्हेंबरला सकाळी आठचं रक्त. ६५० रुपये. लॅबमध्ये मी खुर्चीवर बसले आणि बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर धाडकन वर केलं. मी उठून उभी राहिले, ओढणी गळ्याशी घट्ट धरलेली, तळव्यांना घाम. रक्त घेणारा मुलगा विशीतला असेल. त्याने सुई खाली ठेवली, पंख्याचा वेग वाढवला आणि म्हणाला, "दीदी, पहले बैठ जाओ. दस मिनट बाद निकालेंगे, कोई जल्दी नहीं." त्याने पाणी आणून दिलं, थोड्या वेळाने रक्त घेतलं आणि फॉर्मवर नेमकी वेळ टाकली: ८.२२. घाबरल्यावर कॉर्टिसॉल वाढतंच, पण त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून काय घडलं तेही त्याने बाजूला लिहिलं. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानते.

लाळेचे नमुने दोन रात्री द्यायचे होते, प्रत्येकी १,९०० रुपये. आमच्या लॅबमधून ते मुंबईला जात, म्हणून रिपोर्टला दहा दिवस सांगितले. प्लास्टिकच्या नळीत कापसाची छोटी गुंडाळी असते. ती तोंडात धरून दोन-तीन मिनिटं भिजू द्यायची आणि हात न लावता परत नळीत टाकायची. त्याआधी तासभर खाणं नाही, चहा नाही, दात घासणं नाही, कारण हिरडीतून आलेलं थोडंसं रक्तही आकडा बिघडवतं. लाळेत फक्त मोकळं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, कॉर्टिसॉल उतरतं, म्हणून रात्रीच्या तपासणीला ती उपयोगी. वेळ सहसा रात्री अकराची देतात, पण मी झोपतेच उशिरा. डॉक्टरांनी सांगितलं की झोपायला जाल तेव्हा घ्या आणि खरी वेळ लिहा. पहिल्या रात्री मी १.४० लिहिलं. दुसऱ्या रात्रीच्या नळीवर लॅबने ‘नमुना अपुरा’ असा शेरा मारला आणि परत बोलावलं. पुन्हा पैसे मागत होते. नळी तुमच्याच माणसाने ताब्यात घेतली, तेव्हा काही बोलला नाहीत, असं माझ्या नवऱ्याने सांगितल्यावर बिनपैशाने नवी नळी दिली. तेव्हा नळी देताना काउंटरवरच कापूस नीट भिजलाय ना हे बघायला सांगा.

चोवीस तासांची लघवी रविवारी, १७ नोव्हेंबरला. ही तपासणी २,२०० रुपयांची. सगळ्यात जास्त चूक याच्यात होते म्हणतात, म्हणून नीट सांगते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा कॅनमध्ये. मधली एक जरी सुटली तरी सगळं वाया. कॅन थंड ठेवायचा असतो. आमच्या घरात फ्रिजमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं, सासूबाईंना मी विचारणार तरी कशी? पण त्यांनीच धुण्याची जुनी बादली काढून दिली, नवऱ्याने बर्फ आणला आणि बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी बर्फ वितळल्यावर सासूबाई स्वतः डब्यातला बर्फ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, काय निघायचं ते निघू दे एकदाचं." त्या दिवशी मला रडू आलं. पाणी नेहमीइतकंच प्यायचं, उगाच जास्त नाही. फार पाणी प्यायल्यानेही आकडा वाढतो. सोबत क्रिएटिनिन मोजतात, त्यावरून नमुना पूर्ण दिलाय की नाही ते कळतं.

शेवटी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीची तपासणी. हिला शेवटी ठेवतात, कारण या गोळीने शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल एक-दोन दिवस दबतं. रात्री अकराला १ मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, आणि सकाळी आठला रक्त. गोळ्या काही रुपयांच्या, रक्ताचे पुन्हा ६५०. यामागचं तत्त्व छतावरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं आहे. टाकी भरली की बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. गोळीतलं स्टेरॉइड बघून मेंदूने ‘पुरे’ म्हणायचं आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी कॉर्टिसॉल थांबवायचं. सकाळचा आकडा १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर बंद होण्याची यंत्रणा ठीक. कुशिंगमध्ये तो खाली येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे कागद घेऊन गेले. सकाळचं कॉर्टिसॉल ९.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, मर्यादेत. लाळेचे दोन्ही आकडे मर्यादेत. लघवीतलं मर्यादेत. गोळीनंतरचं ०.७. (काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात. मायक्रोग्रॅमला साधारण २७.६ ने गुणलं की तो मिळतो. २५९ बघून घाबरू नका, तो ९.४ च आहे.) डॉक्टरबाई म्हणाल्या, कुशिंग नाही, छान झालं.

मला छान वाटलं नाही. सगळं नॉर्मल, म्हणजे घरचे म्हणत होते तेच खरं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं आणि मला जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, नंतर वाचूनही पाहिलं.

ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढलेलंच असणार, हे गृहीत आघाताच्या बाबतीत टिकत नाही. १९८६ मध्ये जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून आलेल्या, पीटीएसडी असलेल्या सैनिकांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजलं. इतर मानसिक आजारांच्या काही रुग्णांपेक्षा ते कमी निघालं. पुढे संशोधक रेचेल येहुदा यांनी डेक्सामेथासोनची नेहमीच्या अर्ध्या मात्रेची, ०.५ मिलिग्रॅमची गोळी देऊन बघितलं. पीटीएसडी असलेल्या सैनिकांमध्ये कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त दबलं. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे त्यांची बंद करणारी यंत्रणा ढिली पडलेली नव्हती, उलट जास्त संवेदनशील झाली होती. ११ सप्टेंबर २००१ ला हल्ला झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळ असलेल्या गरोदर बायकांचाही त्यांनी अभ्यास केला. ज्यांना पीटीएसडी झाला, त्यांच्या आणि त्यांच्या तान्ह्या बाळांच्याही लाळेत कॉर्टिसॉल कमी दिसलं. हे २००५ चं. मात्र २००७ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा पीटीएसडी असलेले आणि नसलेले यांच्या कॉर्टिसॉलमध्ये एकूण फरक दिसला नाही. काही गटांत, उदाहरणार्थ स्त्रियांमध्ये, ते कमी होतं.

"तुमच्या ०.७ वरून मी काहीच सिद्ध करू शकत नाही," त्या म्हणाल्या. १ मिलिग्रॅमने बहुतेक निरोगी माणसांचंही इतकं खाली येतं, म्हणून तर संशोधक अर्धी मात्रा वापरतात. शेकडो माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या रिपोर्टमध्ये वाचता येत नाही. पण त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा: नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून पीटीएसडी नाही असंही ठरत नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतःही वाचलं.

मी केसांबद्दलही विचारलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या महिन्याचं कॉर्टिसॉल त्यात साठतं, हे वाचलं होतं. माझी वेणी कमरेपर्यंत आहे. तिच्यात कुठेतरी तो ऑगस्ट असेल, असा विचार मनात येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, मुळापासून दूर गेलेल्या केसातून ते धुऊन निघत जातं, म्हणून संशोधनात बहुधा मुळाजवळचे तीनएक सेंटिमीटर, म्हणजे शेवटचे तीन महिने बघतात. दोन वर्षांपूर्वीचं त्यातून मिळणार नाही आणि उपचारासाठी त्याची गरजही नाही.

खर्चाचा हिशेब: तपासण्यांचे ७,३०० रुपये, डॉक्टरांच्या फी वेगळ्या. आमच्या आरोग्यविम्यात बाह्यरुग्ण तपासण्या बसत नाहीत, त्यामुळे सगळं खिशातून. जमेची बाजू म्हणजे बीपीची गोळी वेळेत सुरू झाली. निळ्या डागांसाठी रक्त गोठण्याची तपासणी झाली, तीही ठीक निघाली. आणि एक मोठी शंका कायमची मिटली, त्यामुळे समुपदेशनाला मी मोकळ्या मनाने बसू शकले. जानेवारी २०२५ पासून दर आठवड्याला जाते. त्या प्रसंगाबद्दल पायरीपायरीने, सुरक्षित जागी बसून बोलायचं, आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परत जायचं, असं त्याचं स्वरूप आहे. पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडली. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं म्हणून टिकले.

फेब्रुवारीत मानसोपचारतज्ज्ञांनी दाव्यासाठी प्रमाणपत्र दिलं: निदान, प्रश्नावलीचे गुण, कधीपासून उपचार, कामावर काय परिणाम. वकिलांनी तेच जोडलं, कॉर्टिसॉलचा एकही कागद लागला नाही. प्रमाणपत्र मागताना अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि एफआयआरची प्रत सोबत न्या, म्हणजे तारखा जुळवायला परत यावं लागत नाही.

ज्यांना अशाच कारणाने तपासणी करावीशी वाटतेय, त्यांनी लॅबचं ‘स्ट्रेस पॅकेज’ घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. खासगी परवडत नसेल तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि बोलायला पैसे पडत नाहीत. मी एकदा रात्री अडीचला लावला होता. फोन उचलला गेला, आणि पलीकडच्या बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं.